दिसलं नाही, एवढंच लिही

इंदूताई रामटेके उभ्या असलेल्या मला फारशा आठवत नाहीत. आठवतात त्या जमिनीवर पालथ्या पडलेल्या. हनुवटी मनगटावर टेकलेली, टोपी मागे सरकलेली, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि नजर वीतभर अंतरावरच्या खडीवर. लांबून पाहणाऱ्याला वाटावं की बाई चक्कर येऊन पडल्या आहेत. वाट चुकून आलेल्या एका माणसाला एकदा तसं वाटलंही होतं. तो पाण्याची बाटली घेऊन धावत आला. ताईंनी मान न उचलता त्याला आहे तिथेच थांबायला सांगितलं, कारण त्याचं पुढचं पाऊल नेमकं एका रोपावर पडणार होतं. बिचारा एका पायावर उभा राहिला. ज्या दगडांवरून आला त्याच दगडांवरून परत कसं जायचं, हे ताईंनी त्याला झोपल्या झोपल्याच समजावलं. तो दिसेनासा झाल्यावर म्हणाल्या, "भला माणूस होता. पाणी तरी घ्यायचं होतं त्याचं."

गेल्या ऑगस्टमध्ये इंदूताई गेल्या. आता मार्च लागला आहे. एरवी या दिवसांत त्यांचा फोन यायचा. नमस्कार-चमत्कार काही नाही. "सुट्टी टाकली का?" एवढंच. मी न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात काम करतो. वर्षभर सुट्टी साठवायची आणि वसंतात ताईंबरोबर वाळवंटात जायचं, असा माझा काही वर्षं नेम होता. मी वनस्पतींचा अभ्यासक नाही. मला गाडी चालवता येते आणि गप्प बसता येतं. ताईंच्या मते त्या कामाला एवढं पुरेसं होतं.

आमची ओळख ग्रंथालयातच झाली. वाळवंटी वनस्पतींवरचा एक जुना ग्रंथ परत करायला त्या आल्या होत्या. मी तो उघडला, तर पानांतून चिमूटभर तांबडी वाळू माझ्या टेबलावर सांडली. मी वर पाहिलं. समोर पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, उन्हाने रापलेल्या बाई उभ्या होत्या. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं नाव वाचून त्या थेट मराठीत म्हणाल्या, "राहू द्या, पुसू नका. त्या पुस्तकातलीच आहे ती."

ताई मूळच्या नागपूरच्या. तिथे एम.एस्सी. करून इकडे पीएच.डी.ला आल्या आणि राहिल्या. यजमान लवकर गेले. एक मुलगा, अनिकेत. एका कम्युनिटी कॉलेजात त्या जीवशास्त्र शिकवायच्या, तेही फक्त ऑगस्ट ते डिसेंबरच्या फॉल सेमिस्टरला. वसंत मोकळा ठेवायचा म्हणून त्यांनी कायमची नोकरी दोनदा नाकारली होती. मार्च आला की त्या यूटा राज्याच्या दक्षिण टोकाला जायच्या. तिथल्या जमीन खात्याचं ऑफिस दर वसंतात हंगामी माणसं घेतं. दुर्मिळ झाडं पूर्वी जिथे सापडली तिथे जाऊन ती अजून आहेत का, फुलली का, कोणी खाल्ली का, हे पाहण्याचं काम. ताईंकडे एका निवडुंगाची जबाबदारी होती. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही आणि जागाही सांगत नाही. ताईंना ते आवडलं नसतं.

ते निवडुंग रुपयाच्या नाण्याएवढं असतं. रंग आजूबाजूच्या खडीसारखाच. पाऊस झाला नाही की ते आकसून मातीखाली जातं आणि वरून वाळूचा थर बसतो. कधी एक वर्ष, कधी अनेक वर्षं. ओल मिळाली की परत डोकं वर काढतं, पिवळसर फूल येतं, आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं आटोपतं. त्या थोड्या दिवसांतच त्याला गाठायचं. प्रत्येक रोपाशेजारी बोटभर अंतरावर खिळ्याने ठोकलेला ॲल्युमिनियमचा बिल्ला असतो. बिल्ला शोधायचा, मग त्याच्या शेजारी पालथं पडून रोप शोधायचं. त्या जमिनीवर एक काळपट, खरबरीत साय असते. ती साय जिवंत असते. बूट पडला की मोडते आणि भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. म्हणून चालायचं ते दगडावरून दगडावर.

माझ्या पहिल्या वसंतात मी एका बिल्ल्याशी बराच वेळ डोळे ताणले. काही दिसलं नाही. कागदावर तीन रकाने होते: जिवंत, मृत, दिसलं नाही. मी 'मृत'वर खूण केली. ताई सरपटत आल्या.

"प्रेत बघितलं का तू?"

"नाही. पण इथे काहीच नाहीये ताई."

"मग मेलं कसं म्हणून राहिला? तुला दिसलं नाही. दिसलं नाही, एवढंच लिही. बाकीचं त्याचं ते पाहून घेईल."

पुढे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की त्यांची सहीच वाटावी. शेजारची कोणी म्हणाली की अमक्याचं लग्न मोडलं, तर ताई विचारायच्या, "प्रेत बघितलं का?"

संध्याकाळी तंबूपाशी आल्या की मात्र त्या वेगळ्याच बाई असत. डब्यातला राजमा उघडायचा आणि त्यात नागपूरहून बहिणीने पाठवलेला सावजी मसाला घालायचा. मला ठसका लागला की त्यांना फार बरं वाटायचं. "पुणेकर, साखर देऊ का रे?" असं विचारून त्या खरंच साखरेची पुडी पुढे करायच्या. पुण्याचा माणूस कायम काहीतरी समजावून सांगत असतो, अशी त्यांची तक्रार होती. मी फारसं बोलत नाही, हे त्यांनी माझ्या घराण्यातलं काहीतरी बिघडलेलं प्रकरण म्हणून स्वीकारलं होतं.

जयंती नेहमी याच दिवसांत यायची. चौदा एप्रिल. कोणाची जयंती, हे त्यांच्या घरात कधी सांगावं लागलं नसेल. न्यू जर्सीत त्या दिवशी मोठा कार्यक्रम व्हायचा, भाषणं, जेवण, लहान मुलांची नाटकं. ताईंची त्याला कायम गैरहजेरी. त्यांनी आपला कार्यक्रम वाळवंटातच बसवला होता. पाकिटातला निळ्या कोटातला छोटा फोटो गाडीच्या बॉनेटवर दगड लावून उभा करायचा, मेणबत्ती वाऱ्याने लागत नसे म्हणून टॉर्च लावायचा, वंदना म्हणायची आणि दूध-पावडरची खीर करायची. खिरीत वाळू कचकचायची.

एका वर्षी त्या वेळेला डेल आला. डेल म्हणजे ऑफिसातला ताईंचा साहेब, त्याच भागात जन्मलेला, मोठ्या पोटाचा, हळू बोलणारा माणूस. त्याने फोटोकडे पाहून विचारलं, हे तुमचे वडील का? ताई म्हणाल्या, एका अर्थाने. मग तासभर त्यांनी त्याला सगळं सांगितलं. चवदार तळं, गोलमेज परिषद, घटना. डेलने शांतपणे ऐकलं. कागदी कामाचा त्याला मनापासून तिटकारा होता. शेवटी तो म्हणाला, "आख्खी राज्यघटना? म्हणजे किती मीटिंगा झाल्या असतील!"

ताई इतक्या हसल्या की खिरीचं पातेलं कलंडलं. "होय बापा," त्या मराठीतच म्हणाल्या, "लय मीटिंगा."

पुढच्या वर्षापासून डेल त्या दिवशी न बोलावता यायचा. डोनटचा खोका आणायचा आणि फोटोसमोर टोपी काढायचा.

ताईंची चूक सांगितल्याशिवाय त्यांची पुढची गोष्ट कळणार नाही. त्या स्वतः ती कोणापासून लपवत नसत.

आमच्या निवडुंगाचा एक मोठा उतार होता आणि त्याच्या पलीकडे, ओघळ ओलांडून, एक छोटा. एका चांगल्या पावसाच्या वर्षी मोठा उतार असा फुलला की ताई सकाळपासून काही खायला तयार नव्हत्या. सापडलेल्या प्रत्येक रोपाशी आम्ही तारेला लावलेला नारिंगी झेंडा टोचत गेलो. एकच रोप दोनदा मोजलं जाऊ नये, म्हणून तशी पद्धतच आहे. दिवस मावळला तेव्हा मोठ्या उतारावर सगळीकडे झेंडे लागले होते, पण मोजमाप अर्धं राहिलं होतं. झेंडे काढायचे तर सगळ्या उतारावर पुन्हा फिरावं लागणार, आणि उद्या लावायचे तर परत. त्या सायीवर तेवढा भार कशाला, असा ताईंनी विचार केला. झेंडे राहू दे म्हणाल्या. सकाळी येऊच.

सकाळी कच्च्या रस्त्यावर पाण्याचा लोंढा आला होता आणि रस्ता तुटला होता. पोहोचायला दोन दिवस गेले. पोहोचलो तेव्हा झेंडे सगळे जागच्या जागी होते, ताठ, वाऱ्यावर फडफडत. प्रत्येक झेंड्याशेजारी एक छोटा, नीट खणलेला खड्डा होता. दुर्मिळ निवडुंगांना गिऱ्हाईक असतं. चोरांना डोळे ताणावे लागलेच नव्हते. सगळं शोधून, खुणा करून आम्ही त्यांना दिलं होतं.

 ताईंनी एकेक झेंडा उपटला, एकेक खड्डा हाताने बुजवला. डेलला त्यांनी स्वतः फोन केला आणि म्हणाल्या की चूक माझी आहे, लिहून घे. ओघळापलीकडच्या छोट्या उताराकडे चोरांचं लक्ष गेलं नव्हतं, कारण तिथे झेंडे पोहोचले नव्हते. आता राहिला तो तेवढाच.

पुढच्या वसंतात नेवार्क विमानतळावर ताईंच्या सामानातून एक झाडू निघाला. आयसेलिनच्या भारतीय दुकानातला, आपला, लांब मऊ गवताचा. तपासणीवाल्या मुलीने तो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, वाळवंटात झाडू कशाला? ताई म्हणाल्या, "तिथे फार धूळ असते."

दगड संपले की ओघळाच्या वाळूतून गाडीरस्त्यापर्यंत चालावं लागायचं आणि तिथे पावलं उमटायची. कोणीही त्यांच्या मागे मागे उतारापर्यंत गेलं असतं. म्हणून ताईंनी नवीन रीत पाडली. काम संपलं की मी पुढे चालायचं आणि ताईंनी मागे, पाठमोऱ्या, झाडूने आमची पावलं पुसत यायचं. पहिल्या दिवशी ते पाहून माझा पाय अडला. आमच्या गावाचा इतिहास मलाही ठाऊक होता. मी म्हणालो, "ताई, द्या इकडे, मी करतो."

त्यांनी कंबर सरळ केली. मला काय झालं आहे ते त्यांच्या बरोबर लक्षात आलं होतं.

"आमच्या घरी सांगायचे, आमच्या पूर्वजांच्या कमरेला झाडू बांधलेला असायचा. तुझ्याच पुण्यात. त्यांच्या पावलाने रस्ता बाटू नये म्हणून." त्यांनी हातातला झाडू उचलून दाखवला. "तो दुसऱ्याने बांधला होता. हा मी आयसेलिनला पैसे देऊन घेतला. कशासाठी घेतला ते मला ठाऊक आहे. तू चल पुढे, आणि पाय घासत चालू नको, मला काम वाढते."

मी पुढे चालू लागलो. मागून झाडूचा आवाज येत होता. पुन्हा कधी हा विषय निघाला नाही आणि झाडूही त्यांनी कधी माझ्या हाती दिला नाही.

त्यानंतर कोरडी वर्षं आली. छोट्या उतारावर बिल्ले तेवढे दिसायचे. ताई प्रत्येक बिल्ल्याशी पालथ्या पडायच्या आणि दरवेळी तोच रकाना भरायच्या. ऑफिसचा नियम मात्र वेगळा होता. ओळीने काही वसंत रोप दिसलं नाही, तर ते मेलं असं धरायचं आणि बिल्ला उपटायचा. डेलने जमेल तितकं ताणून धरलं. अखेर एका हिवाळ्यात त्याचा फोन आला. त्या ओघळावरून ट्रकचा रस्ता काढायचा प्रस्ताव होता. उतारावर जिवंत रोप असेल तर रस्त्याला वळण घ्यावं लागणार होतं. नसेल तर सरळ जाणार होता. हा एकच वसंत हातात आहे, डेल म्हणाला.

ताईंच्या हातातही तेवढाच होता. दिवाळीनंतर त्यांचं दुखणं कळलं होतं. आधी पोटात असलेलं आता हाडांत गेलं होतं. अनिकेत वेस्ट विंडसरहून रोज येत होता, गोळ्यांचे डबे भरत होता. तो इथेच वाढलेला. आईचं मराठी त्याला सगळं कळतं, उत्तर तो इंग्रजीत देतो. वाळवंटात जायचं हे ऐकल्यावर तो आईशी दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने मला फोन केला. "काका, प्लीज, डोन्ट टेक हर."  मागून ताईंचा आवाज आला, "त्याला काहून त्रास देऊन राहिला? तो नाही नेत, मी त्याला नेते." मग दोघंही रडत असावीत. फोन तसाच चालू राहिला होता. मी तो हळूच बंद केला.

शेवटी अनिकेतनेच तिकिटं काढली. खुर्ची, गादी, औषधं, सगळं त्याने लावून दिलं. निघताना आईच्या बुटांच्या नाड्या त्याने खाली बसून बांधल्या.

त्या हिवाळ्यात तिकडे पाऊस बरा झाला होता. तरी आम्ही पोहोचलो तेव्हा उतार मोकळाच. ताईंना चढता येत नव्हतं. त्या ओघळात छत्रीखाली खुर्चीवर बसायच्या आणि मी वर पालथा पडायचो. संध्याकाळी खाली येऊन मी मान हलवायचो. त्या म्हणायच्या, "बरं. उद्या."

मुक्काम संपत आला तसा डेल एकदा येऊन बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, इंदू, तू इतकी वर्षं इथे आहेस. तू एक रोप दिसलं असं लिहिलंस, तर त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. मी तर नाहीच.

ताईंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "डेल, न दिसता मेलं असं मी कधी लिहिलं नाही. न दिसता जिवंत तरी कसं लिहू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ते सापडलं. एका बिल्ल्याच्या बाजूला माती केसभर उचललेली होती आणि त्या भेगेत एक मिटलेली कळी होती. फिकट, गव्हाच्या दाण्यासारखी.  मी खाली आलो. डेल रात्री आमच्याच तळावर राहिला होता, तोही ताईंपाशी होता. माझा चेहरा पाहूनच ताई खुर्चीतून उठायला लागल्या.

मी म्हणालो, फोटो काढून आणतो. डेल म्हणाला, तुला दिसलं ते आम्हाला पुरे. ताई म्हणाल्या की कागदावर सही माझी आहे, मी पाहिल्याशिवाय होणार नाही. मग आम्ही दोघांनी हातांची पालखी करून उचलायचं ठरवलं. तेही त्यांनी मोडून काढलं. त्यांचं ओझं घेऊन आमचे पाय दगडावरच पडतील का? एखादा जरी सायीवर पडला तर? "मी जाते माझी," म्हणाल्या, आणि पहिल्या दगडावर पाठ करून बसल्या.

त्या बसूनच चढल्या. लहान मूल जिन्यावर चढतं तशा, पण उलट्या. हात मागच्या दगडावर टेकायचे, अंग उचलून वर ओढायचं, मग पाय. थांबायचं. मी वरच्या बाजूला आणि डेल खालच्या, दोघंही हात पुढे करून, आणि त्यांनी आमचा हात एकदाही धरला नाही. दुखत असणार. मध्येच डोळे मिटून त्या बराच वेळ नुसत्या बसायच्या. मग म्हणायच्या, "अनिकेतला सांगशील तर बघ." एका ठिकाणी दोन दगडांत अंतर जास्त होतं. डेलने आपली टोपी मध्ये ठेवू का विचारलं, तर म्हणाल्या, "नको. टोपीवर भार आला तरी खालची साय मोडतेच." आणि पायांनी ढकलून त्या पलीकडे गेल्या. चढायला निम्मी सकाळ गेली.

पोहोचल्या. धाप शांत होईपर्यंत त्यांनी पाहिलंच नाही, आकाशाकडे बघत बसल्या. मग चष्मा पुसला आणि बिल्ल्याकडे वाकल्या. आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना, वाकून.

कळी अजून मिटलेली होती. ते फूल फक्त भर उन्हात उघडतं.

"बाजूला व्हा," ताई हळू आवाजात म्हणाल्या. "तुमची सावली पडून राहिली त्याच्यावर. जा खाली दोघं."

आम्ही दगडांवरून ओघळात उतरलो आणि वर पाहत उभे राहिलो. माझ्या मनात इंदूताईंचं तेच शेवटचं चित्र आहे. त्यानंतरचे विमानतळ, दवाखाना, त्यांचं ते आक्रसलेलं शरीर मी पाहिलं आहे, पण ते आठवायला मला प्रयत्न करावा लागतो. तांबड्या उतारावर एक ठेंगणी आकृती गुडघे जवळ घेऊन बसली होती. त्यांची स्वतःची सावली मागे पडेल अशा बेताने त्या जरा तिरप्या बसल्या होत्या. ऊन वर चढत होतं, आणि त्यांची सावली आखडत आखडत त्यांच्याच खाली गेली. डेल एकदा घड्याळाकडे बघायला गेला आणि त्याने हात परत खिशात घातला.

मग ताईंनी मान खाली घातली. खूप वेळ तशीच ठेवली, इतका की मी एक पाऊल पुढे टाकलं.

त्यांनी आमच्याकडे न बघता उजवा हात वर केला. आधी मिटलेली मूठ, मग हळूहळू उघडलेला तळहात, पसरलेली बोटं.

डेलने टोपी काढली.